नमुनामामा आणि डावऱ्यांचं पिस्तूल

चाकूरच्या बाजारात नमुनामामा वांगं निवडायचे तेच मुळी नेम धरून. देठ डाव्या मुठीत, एक डोळा मिटलेला आणि वांग्याचं टोक थेट भाजीवालीच्या तराजूवर. ती हात वर करून म्हणायची, "मामा, एक जास्तीचं घ्या, पर गोळी घालू नका!"

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. फौजेत शस्त्रं दुरुस्त करायचे. तिथं एकदा नवं पिस्तूल तयार होत होतं. दोन्ही हातांनी सारखंच चालावं म्हणून गोळी सुटल्यावर त्याची रिकामी पुंगळी बाजूला न उडता सरळ वर उडायची. चाचणीला डावखुरा माणूस हवा होता. डाव्या हातानं जेवतो म्हणून लहानपणी धपाटे खाल्लेल्या मामांना सरकारनं त्याच हातासाठी बोलावलं! मग काय, तो किस्सा आम्ही लग्नात, बारशात, बसस्टँडवर, जिथं तिथं ऐकला.

"पहिली गोळी बराबर निशाणावर! अन् पुंगळी? वर गेली ती आली साहेबाच्या कॉलरीत. गरमागरम! साहेब नाचून राहिला अन् आम्ही सावधानमधी उभे!"

पिस्तूल त्या एका नमुन्यापुढं गेलंच नाही, कारखान्यात कधी बनलं नाही. मामांचं मत ठाम होतं, "पिस्तूल पास झालतं. साहेब नापास झाला." त्यावरून गावानं त्यांना नमुनामामा केलं, आणि त्यांनाही ते नाव फार आवडायचं.

पण मामांच्या मुलीच्या साखरपुड्यात लातूरचे व्याही भर मांडवात हसले. "सरकार कधी डावऱ्यासाठी पिस्तूल करंल का, मामा? थापेला बी काही माप असतंय!" मांडव खदखदला. मामाही हसले, पण त्या दिवसापासून किस्सा बंद झाला. वांगीसुद्धा ते चारचौघांसारखी दाबून घ्यायला लागले. मामीनं मला नांदेडला फोन केला, "अगं, हे माझं डोकं खात नाहीत, म्हणून माझं डोकं दुखून राहिलंय."

त्याच हिवाळ्यात शाळेची सहल घेऊन मी लष्कराच्या एका संग्रहालयात गेले. कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटाशी थबकले आणि मुलांसमोर चक्क किंचाळले.

पंधरवड्यात मामा, मामी आणि व्याही, सगळ्यांना जीपमध्ये कोंबून मी तिथं नेलं. व्याह्यांनी चष्मा पुसून पाटी मोठ्यानं वाचली, "प्रायोगिक पिस्तूल. दोन्ही हातांसाठी. उत्पादन झाले नाही." मग हळूच विचारलं, "मामा, मग ते कॉलरीचं बी...?"

"हाव!" मामा ओरडले आणि त्या चकचकीत फरशीवर साहेबाचा नाच सुरू झाला. मान वाकडी, कॉलर हातात, एक पाय हवेत. व्याही पोट धरून बाकावर बसले. पहारेकरी धावत आला, त्यालाही पहिल्यापासून सांगावं लागलं. तो इतका हसला की टोपी खाली पडली.

मामी मात्र काचेला नाक लावून बघत होती. "एवढुसंच हाय की हो! मला वाटलं, तोफंएवढं असंल."

निघताना मामांनी कपाटाला हात जोडले. "येतो गड्या."

मामी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "त्याला येतो म्हणता. सुट्टी संपवून पलटणीत जाताना मला कधी म्हणलात का?"

"तू रडशील म्हणून न्हाई म्हणलो. तू झोपेत असतानाच सटकायचो."

"झोपेत कुठली? जागीच असायची मी."

 सगळ्यांदेखत मामांनी टाचा जुळवल्या, छाती काढली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "येतो गं!" मामी पदरात तोंड लपवून इतकी हसली की तिला जिन्यावरून आम्ही दोघांनी, मी आणि व्याह्यांनी, धरून उतरवलं.

गेल्या वर्षी मामांना छातीत कळ आली. लातूरच्या दवाखान्यात आत नेताना त्यांनी स्ट्रेचर थांबवायला लावलं. मामीला जवळ बोलावलं.

"येतो गं," म्हणाले.

"या," मामी म्हणाली. "जागीच हाय मी."