इवोवारीच्या काटक्या

इवोवारीला गावात आता कुणी हाक मारत नाही. मीही मारत नाही. हाक मारली तर तो ओ देईल, आणि मग त्याच्याकडे बघावं लागेल.

तो मुळात खेकडे पकडणारा. आमच्या खाडीकाठी कंपनीच्या तेलाच्या टाक्या आल्या तेव्हा गावातली सात माणसं कामाला घेतली, त्यात हा होता. टाक्यांभोवती मातीचा बांध आहे. टाकी फुटली तर तेल बांधाच्या आतच राहावं, खाडीत जाऊ नये, असा सरकारी नियम आहे. तो नियम कसा पाळायचा याचा जाडजूड आराखडा ऑफिसातल्या काचेच्या कपाटात असतो. कपाटाची किल्ली हरवून चार वर्षं झाली. दर सोमवारी बांधावरून चालायचं, भेगा, बिळं, खचलेल्या जागा बघायच्या आणि तक्त्यात लिहायचं, हे इवोवारीचं काम.

खारफुटीत बांध घातल्यावर खेकडे त्यात बिळं करणारच. इवोवारीनं पहिल्याच पावसाळ्यात ती मोजली आणि दुरुस्तीवाल्यांना दिसावीत म्हणून प्रत्येकात एकेक काटकी खोचली. दुरुस्तीवाले फिरकले नाहीत. काटक्या दिसल्या त्या गावच्या बायकांना. आमच्यात ज्याची काटकी त्याचं बीळ, त्यात दुसरं कुणी हात घालत नाही. एरवी बायकांनी ते खेकडे आठवड्यात संपवले असते. आता इवोवारीचे म्हणून त्यांना कुणी शिवेना, आणि ते तिथं पोराबाळांसकट सुखानं नांदू लागले.

"बाया मला काय म्हणतात ठाऊक आहे? तुझ्या नवऱ्याचे खेकडे माजलेत म्हणे," त्याची बायको दाबोता एकदा म्हणाली.

"म्हणू दे. त्या उकरायला लागल्या तर बिळं आणखी रुंद होतील."

इथं तो चुकला. बाकी कुठं चुकला असेल तर सही करण्यात.

कंपनीच्या इंजिनिअर ओसाझेसमोर तो दोनतीनदा जाऊन उभा राहिला. साहेबाला आमच्यात 'ओगा' म्हणतात. "ओगा, बांधाची चाळण झालीय."

"मग काय, खेकड्यांना नोटीस काढू? सिमेंट मागवलंय. तोवर 'ठीक' लिही."

"पण ठीक नाहीये ना, ओगा."

"नाही म्हणून लिहिलंस तर तपासणीवाले टाक्या बंद करतील. मग सोमवारी कुठं चालशील? अंगणात?"

इवोवारीनं "ठीक" लिहिलं. खाली सही केली. सहा वर्षं हेच केलं. तपासणीच्या आदल्या दिवशी काटक्या उपटायच्या, बिळं चिखलानं लिंपायची, आणि साहेब गेले की काटक्या पुन्हा जागच्या जागी. साहेब बांधावर कधी चढलेच नाहीत. बूट खराब होतात.

मग तिसऱ्या टाकीचा तळ सुटला. तेल बांधापर्यंत आलं, आणि बांध कुठं न फुटता, बिळाबिळांतून, निवांत खाडीत उतरलं. दुपारपर्यंत पाणी काळं झालं होतं. कालवं मेली, जाळी गेली. दाबोता गुडघाभर तेलात उभी राहून कंपनीला शिव्या घालत होती.

चौथ्या दिवशी धक्क्यावरच्या छपराखाली सगळे बसले: कंपनी, सरकारी साहेब, आमचे वडीलधारे. फॉर्मवर एक रकाना होता, "कारण". तिथं "बांध नादुरुस्त" असं लागलं की खाडी कंपनीनं साफ करायची आणि घराघराला भरपाई द्यायची. गावाचं सगळं त्या दोन शब्दांवर होतं.

इवोवारी उठला. "बांध सहा वर्षं खराब होता. मी ठीक लिहीत आलो, ते खोटं होतं. मला काय करायचं ते करा, पण बांध खराब होता असं लिहा."

आपली मान त्यानं आपणच पुढे केली होती. मला वाटलं, जिंकलो.

ओसाझे शांतपणे म्हणाला, "बिळांत काटक्या कोणाच्या होत्या? चीफ, तुमच्यात काटकी लावली की बीळ कोणाचं?"

आमचे चीफ, म्हणजे गावाचे प्रमुख, पायाच्या अंगठ्याकडे बघू लागले. मग ओसाझेनं बाकीचं सांगितलं. बांधाचं कारण लिहिलं तर प्रकरण कोर्टात जाईल, पंधरा वर्षं. एका माणसानं खेकडे पाळले असं लिहिलं, तर कंपनी माणुसकीच्या नात्यानं उद्याच तांदूळ आणि जनरेटर पाठवेल.

"ज्याची काटकी त्याचं बीळ," चीफ म्हणाले. "रीत आहे बाबा आपली. मी काय करू?"

"चीफ, दुरुस्तीसाठी खुणा केल्या होत्या त्यानं!" दाबोता ओरडली. ज्या बायका तिला खेकड्यांवरून चिडवायच्या त्यांतली एकही बोलली नाही. घरी चुली पेटवायच्या होत्या.

गावाच्या कमिटीचा सेक्रेटरी मी, अक्षर माझं चांगलं. ओसाझे सांगत गेला, मी लिहीत गेलो: कामगाराने बांधात सुमारे चाळीस बिळांत खासगी खेकडे राखले, सबब गळती. चीफनी अंगठा दिला. खाली मी सही केली. मलाही तांदूळ हवा होता. त्याची लाज वाटते, आणि ती जात नाही.

"वाच," इवोवारी म्हणाला.

मी आमच्या भाषेत वाचून दाखवलं. त्यानं मान खाली घालून सगळं ऐकलं.

"त्रेपन्न," तो म्हणाला. "चाळीस नाही. त्रेपन्न बिळं होती."

मी चाळीस खोडून त्रेपन्न केलं. मग त्यानं सही केली. त्या कागदावर तेवढा आकडाच खरा आहे.