आत्तोबांच्या गाडीचं अभ्यंगस्नान

आमच्या आत्तोबांइतका गाडीवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या पालघर तालुक्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतकी कमी गाडी चालवणाराही झाला नाही. लोक गाडी घेतात ती कुठंतरी जायला. आत्तोबांनी घेतली ती जपायला. वर्षानुवर्षं नंबर लावून बसल्यावर ती राखी रंगाची नवीकोरी गाडी पाम गावी त्यांच्या दारात आली तेव्हा सगळं गाव लोटलं होतं. आत्यानं चाकांवर पाणी घातलं, नारळ ओवाळला आणि आता तो फोडणार एवढ्यात आत्तोबा ओरडले, "गाडीपुढं नको! शिंतोडा उडंल!" शेवटी तो नारळ मागल्या दारी, विहिरीच्या पलीकडं नेऊन फोडण्यात आला. गाडीला तो ऐकू तरी गेला की नाही, देव जाणे.

आत्तोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. पामला त्यांची नारळी-पोफळीची वाडी होती. तारापूरला वीजघराचं काम निघालं तेव्हा त्यांनी शहाणपणानं बोईसरला एक चाळ बांधली. कामावरची देशोदेशीची माणसं तिच्यात बिऱ्हाडं करून राहिली, आणि त्या चाळीच्या जिवावर ही गाडी आली. आता वाडीत गाडी ठेवायची तर डोक्यावर नारळ हे आलेच. आत्तोबा दोन दिवस वर बघत वाडीभर हिंडले आणि मान धरून परत आले. नारळाखाली नसलेली एकच जागा सापडली, ती म्हणजे आत्याचं वाळवणाचं अंगण. झालं! तिथं माडाच्या झापांचं छप्पर उभं राहिलं आणि आत्याचे वाल, पापड, सांडगे शेजाऱ्यांच्या दारी वाळायला गेले. जमिनीची ओल वर चढू नये म्हणून आत्तोबांनी प्रत्येक चाकाखाली एकेक पाट दिला. जेवायचे शिसवी पाट! पाहुणे आले की आम्ही चटईवर जेवत असू आणि गाडी पाटावर बसलेली असे.

आतला थाट तर विचारूच नका. बैठकींवरचं कारखान्यातलं मेणकापड त्यांनी कधी काढलंच नाही. त्यावर मांजरपाटाची खोळ, त्या खोळीवर आत्याच्या जुन्या लुगड्याची खोळ, आणि कुणी बसणार असलं की वर वर्तमानपत्र. पायाशी गोणपाट, गोणपाटावर पुन्हा वर्तमानपत्र. चाकाला, म्हणजे हातात धरायच्या चाकाला, मऊ फडकं गुंडाळलेलं. आरशाला टोपडं. हो, टोपडं! लहान मुलाला घालतात तसं, नाडीचं. त्यामुळे मागचं काही दिसत नसे, पण आत्तोबा म्हणत, "मागनं येनारा बघंल की. त्याला डोळे नाय?" आत्यानं केसात गजरा माळून बसायचं नाही, मान मागं टेकायची नाही, आणि उन्हाळ्यात काच खाली करायची नाही. त्या मेणकापडाच्या उबेत आत बसलेलं माणूस इडलीसारखं वाफून बाहेर निघायचं.

गाडीत चढण्यापूर्वी पाय धुवावे लागत. त्यासाठी दाराशी तांब्या आणि पंचा कायम ठेवलेला. एकदा पालघरचे एक बडे वकील आले होते. त्यांना स्टेशनावर सोडायचं ठरलं. आत्तोबांनी त्यांना अदबीनं पाटावर उभं केलं, स्वतः वाकून त्यांच्या पायांवर पाणी घातलं, पंच्यानं पाय पुसले. वकीलसाहेब गहिवरले. "अहो, एवढा मान आजकाल जावयालाही कोणी देत नाही हो," असं म्हणून त्यांनी डोळे टिपले. मग आत्तोबांनी त्यांच्या वहाणा कागदात बांधून मागल्या डिकीत टाकल्या आणि त्यांना वर्तमानपत्रावर बसवलं, तेव्हा त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. स्टेशनावर उतरताना त्यांच्या पांढऱ्या पँटीवर बाजारभाव उलटे उमटले होते. पुढं ते कधी पामला आले नाहीत.

पण खरी पंचाईत होती मासळीची. आत्तोबा जातिवंत मासेखाऊ. पापलेटाचं नाव काढलं तरी त्यांचा आवाज मऊ व्हायचा. पण गाडीत मासळीचा वास? शिव शिव! म्हणून बाजाराला ते एसटीनं जात आणि गाडी घरी पाटावर बसून त्यांची वाट पाही. एकदा आत्यानं पालघरहून येताना सुके बोंबील पिशवीत तळाशी लपवले. गाव सुटायच्या आत आत्तोबांच्या नाकानं ते हुडकले. गाडी थांबली. मागनं एसटी येत होती, तिला हात केला गेला, आणि आत्या बोंबलांसकट एसटीत चढली. आता बायकोला एकटीला कसं पाठवायचं, म्हणून आत्तोबा थेट पामपर्यंत एसटीच्या मागं मागं गाडी चालवत आले. आत्या शेवटच्या बाकावर बसून मागल्या काचेतून त्यांच्याकडं बघत होती. ती काय बोलत होती ते ऐकू आलं नाही, पण आत्तोबा सांगत, "ओठांवरनं समजत व्हतं."

या सगळ्या वेडाच्या मुळाशी एक भीती होती, आणि ती खोटी नव्हती. "खारा वारा हाय हा," ते समुद्राच्या दिशेला बोट करून सांगत. "दया नाय त्याला. माझ्या बापाची सायकल खाल्ली यानं. खिडक्यांचे गज खाल्ले, ट्रंका खाल्ल्या, विहिरीचा रहाट खाल्ला. गाडी काय सोडंल?" चाळीतला एक पंजाबी जीपवाला, ज्यानं त्यांना गाडी शिकवली होती, तो हसून म्हणायचा, "सेठजी, खड़ी गाड़ी को जंग ज़्यादा लगता है. चलाओ इसको!" आत्तोबांनी हा सल्ला उडवून लावला आणि आपल्या वाडीत पिकणारा उपाय काढला. खोबरेल तेल! बाळाला चोळतात, बैलाच्या शिंगांना लावतात, मग गाडीला का नको? दर आठवड्याला घाण्याचं ताजं तेल घेऊन ते गाडीला टपापासून बंपरापर्यंत चोळू लागले. गाडी अशी चमकायची की बघत राहावं. मुंग्या मात्र छपरापर्यंत रांग लावून येत, आणि रस्त्यावर निघाली की तालुक्याची निम्मी धूळ तिच्या अंगावर बसे. मग ती पुसायची आणि पुन्हा तेल. माणूस सुखी होता.

आत्या मात्र सुखी नव्हती. तिची एकच इच्छा होती, आणि ती आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. तिचं माहेर, म्हणजे आमचं घर, एडवणला. लग्न होऊन ती निघाली ती बैलगाडीतून. ती रडू लागली तेव्हा तिच्या एकुलत्या भावानं, म्हणजे माझ्या बाबांनी, तिला म्हटलं होतं, "रडू नको. एक दिवस तू मोटारीतून माहेराला येशील, बघ." आता मोटार आली होती, पण एडवणचा रस्ता म्हणजे शेवटी नुसती पुळण, भुसभुशीत वाळूच वाळू, आणि समुद्र हाकेवर. आत्तोबा गाडी तिकडं न्यायला धजत नसत. दर भाऊबीजेला दोघं एसटीनं यायची. मग एका पावसाळ्यात बाबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं अडखळू लागलं. दिवाळी जवळ आली तेव्हा आत्या आत्तोबांना म्हणाली, "अहो, गाडीच्या आधी मलाच गंज चढंल. त्याचं काय तेल हाय का तुमच्याकडं? दादाला मला मोटारीतनं उतरताना बघू दे. डोळे हायत तोवर बघू दे." आत्तोबा तेलाची बरणी आणायला उठले. एडवणला जायचं तर तेल दुप्पट नको का?

नरकचतुर्दशीला पहाटे घरच्यांच्या आधी गाडीला अभ्यंगस्नान झालं. तेल, उटणं, ऊन पाणी, आणि मग समुद्राच्या भीतीनं वरून पुन्हा जाड थर तेलाचा. भाऊबीजेला ती दोघं निघाली. मी तेव्हा पालघरला मास्तरकी करत होतो, तिथं त्यांनी मला पाय धुवायला लावून गाडीत घेतलं. आत्या मागं बसली होती, मांडीवर ओवाळणीचं ताट, अंगावर लग्नातलं हिरवं लुगडं, मान ताठ. आत्तोबा इतक्या हळू चालवत होते की सायकलवाले ओलांडून जाताना आमची विचारपूस करत. एडवण आलं तेव्हा दिवस कलला होता. आणि कोळीवाड्याच्या तोंडाशी, घर अगदी पलीकडं दिसत असताना, गाडीची मागची चाकं पुळणीत रुतली.

आत्तोबांनी जोर दिला तशी ती आणखी खाली गेली. कोळीवाडा धावत आला. बाप्ये, बाया, सगळ्यांनी गाडीला हात लावला, "हय्या!" म्हणून रेटा दिला आणि सगळेच्या सगळे घसरून एकमेकांवर पडले. हात ठरेचनात! पुन्हा रेटा, पुन्हा लोटांगण. एक म्हातारी कोळीण तळहात हुंगत म्हणाली, "शेट, काय लावलाय ह्यो? आमची मासली पन इतकी बुलबुलीत नाय!" गोणपाटं चाकाखाली घातली, ती चाकांनी भिरकावून दिली. लुगड्याच्या खोळी हाताला गुंडाळून पाहिल्या, त्याही तेल पिऊन घसरू लागल्या. सूर्य खाली चालला होता. बाबा ओवाळून घेतल्याशिवाय भाऊबीजेला घास घेत नसत, आणि त्या आजारातही ते सकाळपासून उपाशी बसलेत असा घरून निरोप आला. मी आत्याला म्हटलं, "आत्या, घर समोर तर आहे. चालत जाऊ." आत्यानं ताट घट्ट धरलं. "चालत मी जन्मभर आले," ती म्हणाली. "आज नाय उतरणार."

तिनं आतूनच कोळणींना विचारलं, "ती बुळबुळीत वाम चिरताना हातातनं सुटते तेव्हा काय करता गं तुमी? राख नायतर वाळूच लावता ना?" सगळ्यांना एकदम समजलं, पण कुणी वाकेना. वाळूचे हात त्या गाडीला लावायचे म्हणजे तिचा रंग खरवडून काढायचा. सगळे आत्तोबांकडं बघू लागले. ते गाडीच्या कडेला उभे होते. आरशाचं टोपडं त्यांनी उगाचच नीट केलं. पलीकडं आमच्या ओट्यावर कुणीतरी कंदील लावला. मग आत्तोबांनी धोतर खोचलं, वाकून दोन्ही हातांनी वाळू घेतली, तळव्यांवर चोळली आणि पहिला हात त्यांनीच गाडीवर ठेवला. करकर असा आवाज झाला. "घ्या रे वाळू!" ते ओरडले, आणि त्यांचा आवाज फाटला. "बघता काय? दादा उपाशी हाय तिकडं!"

गाडी निघाली. आत्यासकट, कोळीवाड्याच्या आरोळ्यांसकट आमच्या दारात येऊन थांबली. बाबांना धरून ओट्यावर आणलं होतं. आत्या दार उघडून, पदर सावरून, अगदी सावकाश उतरली. इतकं सावकाश उतरलेलं मी कुणाला पाहिलं नाही. बाबांचे ओठ थरथरले. "आली," ते मोठ्या कष्टानं म्हणाले, "मो... मोटारीतनं आली." आणि लहान मुलासारखे हसले. मला मात्र रडू आलं, खोटं कशाला सांगू. आत्तोबा कोपऱ्यात हातावरची वाळू झाडत उभे होते. बाबांनी डावा हात पुढं केला आणि त्यांना जवळ बोलावून घेतलं.

आता यानंतर आत्तोबा सुधारले असं कुणाला वाटत असेल तर ते साफ चूक आहे. दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा पाटांवर होती. पुढं कितीतरी दिवस ते भेटेल त्याला गाडीवरचे ओरखडे दाखवत आणि, "एडवणकरांनी माझी गाडी मासळीसारखी खरवडली हो!" असं सांगत. सांगताना मजेत असत.

पुढल्या पावसाळ्यात बाबा गेले. त्यांचं वर्षश्राद्ध झाल्यावर जी भाऊबीज आली, त्या दिवशी आत्तोबा न कळवता आत्याला गाडीत घेऊन एडवणला आले. आत्या आमच्या घरात गुपचूप बसून होती. आमच्याकडं ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. पण बीजेचा चंद्र म्हणजे नखाएवढा, पश्चिमेला, दिवस मावळल्यावर थोडा वेळ दिसणारा, आणि आमच्या अंगणातून तो माडांआड गेलेला. आत्या म्हणाली, "राहू दे. दिसत नाय तर नाय." आत्तोबांनी ताट उचललं आणि तिला गाडीत बसवलं. मीही बसलो. त्यांनी गाडी सुरूच्या बनातून काढली आणि ओहोटीच्या ओल्या वाळूवर, थेट पाण्याजवळ नेऊन उभी केली. समुद्रावर चंद्राची बारीक कोर होती. आत्यानं निरांजन लावलं. उत्तरेच्या वाऱ्यानं ते विझलं. पुन्हा लावलं, पुन्हा विझलं. तेव्हा आत्तोबांनी गाडीचं दार वाऱ्याच्या बाजूला सताड उघडलं आणि आपण त्याला पाठ लावून उभे राहिले. तुषार त्यांच्या तोंडावर, दारावर, आतल्या बैठकीवर उडत होते. निरांजन त्या आडोशाला ठरलं. गाडीची चाकं खाऱ्या चिखलात हळूहळू खाली चालली होती. ते सांगायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी मला हातानंच गप्प केलं.

"सावकाश ओवाळ गं," ते आत्याला म्हणाले. "मी धरलंय दार."