कोंडाच्या बांगड्या

बांगड्या भरणाऱ्याजवळ किस्से लई साचतात बघा. बाईचा हात हातात असला की ती बोलते, अन् मी कासार, माझं तोंड गप बसत न्हाई! पण केदारखेड्याच्या शिरपतचं सांगायचं म्हणलं की जीव तुटतो.

*

इंग्रजांच्या फौजेत भरती चालल्ती, तवा तो एकोणीस वर्साचा. जालन्याला डाक्टरनं छाती मोजली, कमी भरली. हा म्हणतो, "साब, जेवून येतो, मंग मोजा!" साब हसला अन् घेतला की त्याला! नसता घेतला तर बरं झालं असतं.

*

ब्रह्मदेशातून त्याचं पत्र यायचं, साहेबांनी अर्धं काळं फासलेलं. त्याची बायको कोंडा माझ्याकडून वाचून घ्यायची. म्हणायची, "मामा, जिथं काळं केलंय, तिथंच माझं नाव असंल."

*

मंग तार आली. इंग्रजीत! गावात इंग्रजी येतं कोणाला? पण तार म्हणजे माणूस गेला, हे सगळ्यांलाच ठाऊक! बायकांनी कोंडाचा हात दगडावर ठेवून बांगड्या फोडल्या. मीच घट्ट भरल्या होत्या, काचा मनगटात घुसल्या.

तेराव्याची पंगत बसली तवा भोकरदनचे मास्तर आल्ते. त्यांनी तार वाचली अन् वरडले, "अरे, जखमी हाय तो! दवाखान्यात हाय!"

वाढलेलं पान सोडून उठतं कोण? जेवले सगळे!

*

शिरपत घरी आला. छातीत लोखंडाचे तुकडे तसेच. काढायला गेलं तर मरंल, म्हणून डाक्टरनं हातच लावला न्हाई. पहिल्याच दिवशी मला इचारलं, "मामा, माझ्या तेराव्याला वरण बराबर झाल्तं का?" हसला, अन् हसता हसता खोकला. धोतराच्या सोग्याला रक्त लागलं.

पुढच्या उन्हाळ्यात गेला. पंचविशी बी पाहिली न्हाई पोरानं. ह्या बारीला तार न्हाई अन् मास्तर बी न्हाईत.

*

त्याच्या आदल्या संक्रांतीचं सांगतो. कोंडाला बांगड्या भरायला गेल्तो. शिरपत बाजूला खाटेवर पडलेला. तिच्या मनगटावरचे वण तो किती येळ बघत राह्यला. मंग म्हणला, "मामा, जरा सैल भरा. निघताना तिला लागू नये."

कोंडानं त्याच्याकडं बघितलंच न्हाई. मूठ आवळून हात माझ्यापुढं केला.

"घट्टच भरा, मामा!"