बाजीच्या वाडग्याची इर्जिक

वेल्ह्याच्या वरच्या वस्तीवर शेळ्यांच्या वाडग्याची भिंत रचावी तर बाजीनं. माती नाही, सिमेंट नाही. नुसता दगडावर दगड. प्रत्येक दगड फिरवून बसवायचा, खाली कपची ठोकायचा आणि वर उभा राहून डोलतो का पाहायचा. डोलला तर काढून पुन्हा.

कुणाचंही अवजड काम निघालं की इर्जिक व्हायची. सगळ्यांनी मजुरी न घेता राबायचं, बोलावणाऱ्यानं जेवू घालायचं. बाजी सर्वांच्या आधी हजर. कुणी उपकार मानले तर म्हणायचा, "काम आपलं, फळ त्याचं. आस धरली की काम नासतं." देवळातल्या प्रवचनात ऐकलेलं हे त्यानं अंगी बाणवलं होतं.

यंदा त्याच्याच वाडग्याची भिंत ढासळली आणि बिबट्यानं गाभण शेळी नेली. तो पुन्हा येणारच होता. पायाचे धोंडे एकट्याला हलणारे नव्हते. बाजीनं आयुष्यात पहिल्यांदा इर्जिक घातली. धाकटा भाऊ रोहिदास म्हणाला, "दादा, मानसं गोळा करायचं माझ्याकडं लागलं."

बाजीच्या बायकोनं, भामाबाईनं पहाटेच चूल पेटवली. भात झाला, कोंबड्याचं कालवण झालं. ऊन डोक्यावर आलं तरी दारात कुणी नाही. शेवटी शेजारची ठकुबाई काठी टेकत आली.

"कुनाची वाट बगतोस, बाजी? रोहिदासनं समद्यास्नी टेम्पोत घालून सारोळ्याला न्हेलं. कुनाच्या बंगल्याची भिंत हाय म्हनं."

भामाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "लई शिकवलंत वस्तीला. वस्ती शिकली बगा."

रोहिदास दिवेलागणीला आला. अंगणात उभा राहूनच बोलला.

"टेम्पो दारात आला, दादा. रोजगार कोन सोडतंय?"

"मला सांगायचंस तरी."

"तुमीच म्हनता ना, आस धरू न्हाई? मग आता तोंड कशापाई पाडलंय?"

इतकी वर्षं ज्या वाक्यावर बाजी उभा होता, तेच भावानं त्याच्या पायाखालून ओढून घेतलं होतं. ते खोटं होतं असंही त्याला म्हणता येईना.

"फळ नको म्हनलो व्हतो," तो म्हणाला. "मानूस नको असं न्हवतो म्हनलो."

"उद्या येतो की मी."

"नको. जेवून जा. अन्न वाया जाईल."

रोहिदास जेवला. बाजीनं स्वतः वाढलं, पण पंगतीला बसला नाही. त्या रात्री शेळ्या घरात घेतल्या.

सकाळी रोहिदास खरंच आला. बाजीनं पहार हातातून खाली ठेवली नाही, की त्याला दुसरी दिली नाही. थोडा वेळ उभा राहून रोहिदास निघून गेला. जे दगड बाजी आणि भामाबाई या दोघा म्हाताऱ्यांना हलले तेवढ्यांचंच वाडगं झालं, पहिल्याच्या निम्मं. भिंत मात्र कुठं डोलली नाही. ज्या शेळ्या त्यात मावल्या नाहीत, त्या बाजीनं भोरच्या बाजारात नेऊन विकल्या.