बॅरल की रायफल

रघुपतीराव तंजावूरच्या पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. कालवे, फाटे, मोऱ्या, शेतांच्या हद्दी, सगळं त्यांच्या हातून कागदावर उतरायचं, आणि तीस वर्षांत त्यांची एक रेघही हलली नाही असं कचेरीत कौतुकानं सांगत. रविवारी सकाळी मात्र ते मोपेडवर बसून वल्लमच्या रस्त्याला जायचे आणि मुरमाच्या टेकाडाआड, रायफल क्लबच्या मैदानात, पालथे पडून पन्नास मीटरवरच्या कागदाला भोकं पाडायचे. ह्या दोन गोष्टी मिळाल्या की त्यांचं बाकी मागणं फारसं नसे. माणूस सुखी होता, आणि आपण सुखी आहोत हे त्याला कळतही होतं. असं क्वचितच जमतं.

रायफल विलायती होती, पॉइंट टू टू. चहाच्या मळ्यातून मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून त्यांनी ती चौऱ्याहत्तर साली घेतली होती. तिच्या लाकडी दस्त्याला गाल टेकवला की ती आपल्याकरताच घडवली आहे असं त्यांना वाटे. त्या दस्त्यावर त्यांच्या गालाचा डागही पडला होता. दहा गोळ्या एका रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जात. दर वर्षी ते मद्रासला राज्य स्पर्धेला जात, पाचवे-सहावे येत आणि रात्रीच्या गाडीनं खुशीत परत येत. पहिलं यायची हौस त्यांना कधी नव्हती. नेम लागला म्हणजे झालं.

आणि तो नेमच सुटला. नव्वद साली अंगात ताप असताना ते स्पर्धेला गेले आणि सपाटून हरले, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पण ताप उतरला तरी पुढच्या वर्षी भोकं पसरली. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, पोंगलनंतर मैदान वाळलं, तेव्हा पहिल्याच रविवारी दहा गोळ्या पुरीएवढ्या जागेत विखुरल्या. रघुपतीरावांनी कागद घडी घालून खिशात टाकला. घरी तो कुणाला दाखवला नाही.

त्यांचा मेहुणा शिवकुमार दक्षिण वीथीवर टीव्ही आणि मिक्सी विकायचा. त्या वर्षांत त्याची चलती होती. गावात घरोघरी केबल येत होती, जुनं ते सगळं माळ्यावर जात होतं. त्याला रायफलीचं कळलं तेव्हा त्याचं उत्तर तयारच होतं.

"भावजी, आतां रिपेर कोण करतं? टीव्ही बिघडला, नवा. मिक्सी बिघडली, नवी. तुम्हींही नवी रायफल घ्या. आतां टीव्ही काय, मिक्सी काय, अस्कं बाहेरून येतं. नवी ते नवीच."

"बॅरल झिजली असेल," रघुपतीराव म्हणाले. "तेवढी बदलली म्हणजे झालं. बाकी रायफल चांगली आहे."

"बॅरल बदलायची म्हणजे इंजिन बदलायचं! मग राहिलं काय, सीट?"

बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. नवी बॅरल विलायतेहून मागवायची, तिच्याकरता कलेक्टर कचेरीचे खेटे घालायचे, ती येईपर्यंत वर्ष जायचं. नवी रायफल त्या मानानं लवकर मिळाली असती. पण परवाना एकाच हत्याराचा, म्हणजे जुनी आधी देऊन टाकायची. वीस वर्षं गालाला लागलेलं ते लाकूड दुसऱ्याच्या गालाला लागणार, हा विचार रघुपतीरावांना सोसेना.

पण खरी गोष्ट त्यांनी शिवकुमारला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. त्यांचं वय त्रेपन्न झालं होतं. दोष बॅरलीत नसून आपल्या डोळ्यांत आहे, हातात आहे, अशी धास्ती त्यांच्या मनात घर करून बसली होती. नवी बॅरल घातली, नवी रायफल आणली आणि तरीही भोकं विखुरली, तर मग बोट दाखवायला आपल्यावाचून कोण उरणार? म्हणून ते दोन महिने बॅरल की रायफल, रायफल की बॅरल असा घोळ घालत राहिले. डोळ्यांच्या डॉक्टरचा दवाखाना कचेरीच्या वाटेवर होता, तर त्यांनी कचेरीची वाट बदलली. शूर माणूस, पण भ्याला तो भ्यालाच.

शेवटी राजम, त्यांची बायको, वैतागली. "मास दोन झाले, तुम्हीं धड जेवत नाहींत. तुळजाराममामांकडे जाऊन दाखवा की ती. ते काय खातात तुम्हाला?"

तुळजाराम कीळवासलच्या गल्लीत बसायचे. सत्तरी उलटलेली, भिंगाचा चष्मा, मांडीवर मळकं फडकं. शेतकऱ्यांच्या रानडुकरं हाकायच्या बंदुका तेच दुरुस्त करत. हल्ली बंदुका कमी झाल्या म्हणून कुलपंही करत, आणि त्याबद्दल कुरकुर करत.

रघुपतीरावांनी सगळं सांगितलं, फक्त डोळ्यांचं सोडून. तुळजारामांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. त्यांनी गजाला घट्ट चिंधी गुंडाळली, मागच्या बाजूनं नळीत घातली आणि गज रघुपतीरावांच्या हातात दिला.

"तुम्हींच ढकला. हळू. हाताला काय लागतं तें सांगा."

गज सारखा, घट्ट सरकत गेला. वीतभर, दोन विता, तसाच घट्ट. आणि अगदी तोंडाशी येऊन एकदम सैल पडला, मग खरखरला.

"सैल झाला," रघुपतीराव म्हणाले.

"कोठें?"

"शेवटल्या अर्ध्या इंचात."

"मग? बॅरल उत्तम आहे. अजून वीस वर्षं जाईल. तोंड खाल्लंय गंजानं." तुळजारामांनी नळी उजेडाला धरली. "गोळी अस्कं अंतर सरळ येते आणि दारातून निघतांना अडखळते. मग ती कोठें जाणार, तुम्हींच सांगा. पण गंज हा असा तोंडालाच कां, तें कळेना."

बोलता बोलता ते नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी साफ करत होते. माशीवरच्या गोल टोपणात काहीतरी अडकलं होतं. त्यांनी ते सुईनं उकरून तळहातावर घेतलं, चष्म्याजवळ नेलं आणि कितीतरी वेळानं मान वर केली.

"रघुपतीराव, ही लिंबाची बी आहे."

रघुपतीराव बीकडे बघत राहिले. खंडेनवमीला त्यांच्या घरी शस्त्राची पूजा होई. पूर्वजांच्या तलवारी केव्हाच गेल्या होत्या, तेव्हा तो मान रायफलीचा. राजम तिला कोपऱ्यात उभी करून फुलांनी इतकी मढवायची की नळीचं टोकही दिसत नसे. आणि देवीच्या त्रिशुळावर लिंबू टोचतात हे तर गावातलं शेंबडं पोरही जाणतं.

"नवमीला पूजा केलेलं हत्यार दशमीपर्यंत हलवायचं नाही," ते सावकाश म्हणाले. "मग आमचा पाऊस, इकडे तो दसऱ्यानंतरच. मैदानावर चिखल. पोंगलपर्यंत रायफल पेटीतच."

"म्हणजे लिंबाचा रस तीन मास आंत मुरतो. लोणच्याला पुरतो एवढा वेळ," तुळजाराम म्हणाले आणि खो खो हसले. "नवी नळी नको, नवी रायफल नको. एक इंच कापतों, तोंड नवं घडवतों, माशी मागें बसवतों. परवान्यावरचा नंबर मुळाशी आहे, त्याला धक्का नाहीं. जा घरीं, जेवा."

काम व्हायला आठ दिवस लागले. रविवारी रघुपतीराव मैदानावर पालथे पडले. आता बॅरलीची सबब उरली नव्हती. त्यांनी दहा गोळ्या झाडल्या आणि उठायलाच तयार होईनात. मग चालत कागदापाशी गेले. भोकं मधोमध नव्हती, माशी हलवल्यामुळे थोडी खाली डावीकडे होती, पण सगळी एकमेकांना चिकटून. त्यांनी खिशातून रुपया काढून वर ठेवला. एकही बाहेर राहिलं नाही. मैदानावर कुणी नव्हतं हे बरंच झालं, कारण त्यांना रडू आवरलं नाही.

घरी येऊन त्यांनी कागद राजमपुढे धरला आणि हसत हसत सगळं सांगितलं, डोळ्यांच्या धास्तीसकट. लिंबाचं आलं तशी राजम खाली बसली.

"वीसच्या वीस वर्षं नाहीं लावलं वरती," ती म्हणाली. "पहिलें मी लिंबू खालीं ठेवायची, दस्त्यापाशी. नव्वदांत तुम्हीं हरून आलांत. तोंड एवढंसं झालं होतं तुमचं. मला वाटलं, दृष्ट लागली. त्या वर्षापासून वरती लावायला लागलें. तरी तुम्हीं हरतच होतांत. म्हणून मग मोठं लिंबू आणायची, चांगलं दाबून बसवायची. गेल्या साली तर दोन लावलीं, एक फुटलं म्हणून दुसरं." तिचे डोळे भरून आले. "म्हणजे तुमचा नेम मीच कीं हो चुकवला."

चार वर्षं आपण ज्या भीतीला मनात कोंडून ठेवलं, तीच भीती ही बाई दर वर्षी फुलांच्या आड गुपचूप हातात घेऊन बसत होती, हे रघुपतीरावांना तेव्हा उमगलं. दोघांनी एकदा तोंडं उघडली असती तर एवढं काही झालंच नसतं. त्यांना तिची फार माया आली. ते तिच्यापुढे जमिनीवरच मांडी घालून बसले.

"राजम, हरत होतों तो मी," ते म्हणाले. "ऊठ, मीठ-मिरची आण. रायफलीची नको, माझीच दृष्ट काढ."