आईच्या लायसनची फाइल

सरकारी कागदांनुसार माझी आई माझ्यापेक्षा फक्त सहा वर्षांनी मोठी आहे.

हा शोध मला लागला तो तिचं ड्रायव्हिंग लायसन काढायचं ठरलं तेव्हा. (आधारकार्ड कित्येक वर्षं घरातच होतं. पण आईचं आधारकार्ड कोण वाचत बसतं?) आई बासष्टची. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि व्यायामासाठी त्यांना आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यावं लागायचं. रिक्षात चढताना त्यांचा उजवा पाय काही केल्या वर येईना. दारात आमची जुनी कार होती, पण ती चालवणारे नाना एकटेच. मी गाडी शिकायला गेलो होतो तेव्हा पहिल्याच दिवशी दूध डेअरीच्या पायऱ्या चढलो होतो, कारसकट! त्यानंतर कुटुंबाने तो विषय बंद केला होता.

एका सकाळी आई तिच्या अहिराणीत म्हणाली, "उभी गाडी सडी जाई. मी शिकसू."

मी हसलो. नाना हसले नाहीत. त्यांचं बोलणं तेव्हा जड झालं होतं, पण हुकूम स्पष्ट होता. "आधी लायसन. त्याशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही!"

"नाना, कागदांचं माझ्यावर सोडा," मी म्हणालो. सोडलंच पाहिजे होतं! जळगावच्या एका कॉलेजात मी हेडक्लार्क आहे. दरवर्षी शेकडो पोरांचे दाखले माझ्या टेबलावरून जातात, आणि काना-मात्रेची चूक मी चष्मा न लावता पकडतो.

मी निळी फाइल काढली, तिला पाच रंगांच्या चिठ्ठ्या लावल्या आणि कपाट उपसलं. आणि मग आईची एकेक आवृत्ती बाहेर येऊ लागली! रेशनकार्डावर ती 'सुमणबाई', मतदार ओळखपत्रावर 'सूमन', बँकेच्या पासबुकात नुसतीच 'सुमन बाय'. लाइट बिल अजून आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली. आधारकार्डावर नाव बरोबर, पण जन्मसाल असं, की माझ्या जन्माच्या वेळी आई पहिलीत असावी.

"शे ते शे. त्यावरच अर्ज कर ना," आई म्हणाली.

"असं चालत नाही आई! जन्मतारखेचा पुरावा म्हणजे शाळेचा दाखला. कागद कसा लख्ख पाहिजे."

आईची शाळा तिच्या माहेरी, नरडाण्याजवळच्या खेड्यात. मी रजा टाकली आणि आम्ही दोघं पॅसेंजरने निघालो. नरडाण्याला उतरून सहा आसनी रिक्षात अकरा जणांनी बसून गावात पोहोचलो. शाळा आता पक्क्या इमारतीत होती. मुख्याध्यापक तरुण आणि सज्जन. त्यांनी कपाटातून जुनी रजिस्टरं काढली, फडक्याने झटकली. पहिल्या झटक्यालाच मला चौदा शिंका आल्या.

"नाव काय म्हणालात अक्कांचं?"

"सुमन," मी रुमालातून सांगितलं.

आम्ही पहिलं रजिस्टर पाहिलं. सुमन नाही. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. सुमन नाही! मी अस्वस्थ झालो. मग माझा आवाज चढला. "सर, राग मानू नका, पण रेकॉर्ड ठेवणं ही एक शिस्त असते. आमच्या ऑफिसात एक कागद हलत नाही." मुख्याध्यापक बिचारे ओशाळून म्हणाले, "हो साहेब, पूर्वीची एखादी वही वाळवीने खाल्ली असेल." मी वाळवीवरही दोन वाक्यं बोललो.

आई इतका वेळ बाहेर ओट्यावर बसून शाळेच्या पोरींचा लंगडीचा डाव बघत होती. ती आत आली.

"कोणतं नाव दखी ऱ्हायनात?"

"तुझंच! सुमन!"

"सुमन कोठून सापडी? ते नाव मन्ही सासूनी ठेयेल शे. लगीननंतर."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाळवीकडे पाहिलं.

"मग... तुझं नाव काय?" बेचाळिसाव्या वर्षी, एका परक्या माणसासमोर, मी जन्मदात्या आईला विचारलं!

"यमुना."

"आणि हे तू मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू कधी इचारं?"

मामांसाठी ती अक्का, गावासाठी राजूची, म्हणजे माझी, माय, नानांसाठी 'अगं ऐकलंस का'. यमुना अशी हाक माझ्या कानावर कधी आलीच नव्हती.

"चौथीचं रजिस्टर उघडा," आई मुख्याध्यापकांना म्हणाली. मग तिने पदर सारखा केला, हाताची घडी घातली, डोळे मिटले आणि हजेरी म्हणायला सुरुवात केली.

"काशिनाथ दगा. आत्माराम सुकलाल. हमीद रशीद. सखू धुडकू. भटू उत्तम. वेडू रामा..."

मुख्याध्यापकांचं बोट रजिस्टरवरून खाली सरकत होतं. सहाव्या नावाला ते थांबले. "अक्का, इथे वेडू आधी आहे, भटू नंतर."

"नही," आई डोळे न उघडता म्हणाली. "भटू पहिले. वेडू ते पोळानंतर उना."

त्यांनी वही उजेडाला धरली. दोन्ही नावांपुढे शाईने बारीक आकडे घालून क्रम उलटा केलेला होता, आणि समासात मास्तरांच्या अक्षरात शेरा : 'वेडू उशिरा दाखल.' बावन्न वर्षांपूर्वीची हजेरी, आणि सरकारी वहीच आईकडून तपासून घ्यावी लागत होती. मला काल डबा खाल्ला का ते आठवत नाही.

आई पुढे म्हणत राहिली. एकोणीस, वीस, एकवीस. "यमुना झिपरू," ती म्हणाली, आणि लगेच, वर्गातल्यासारखी, खणखणीत आवाजात, "हजर!"

मुख्याध्यापक खुर्चीतून उठून उभे राहिले. मीही राहिलो. का ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

तिच्या नावापुढे 'प्रगती' खाली 'उत्तम' लिहिलं होतं. शाळा सोडल्याचं कारण : 'गावात पुढील वर्ग नाही.' आईने ती ओळ वाचली, वहीवर जरा वेळ हात ठेवला आणि म्हणाली, "चाल. गाडी चुकी जाई."

दाखला घेऊन आलो. पुढे डॉक्टरांचं प्रमाणपत्र. तिथे डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं आईने शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि वर तळाला बारीक टाइपातलं छापखान्याचं नावही वाचून दाखवलं! मग सगळी जाडजूड फाइल मी आरटीओ कार्यालयातल्या खिडकीवर ठेवली. तिथल्या बाईंनी चिठ्ठ्या उलटत विचारलं, "हा दाखला कशाला?"

"जन्मतारखेचा पुरावा!" मी छाती काढून सांगितलं.

"आधार आहे ना? तेवढं पुरतं. तारीख चुकली असेल तर आधारचं आधार केंद्रात बघा."

मी काही म्हणायच्या आत आई खिडकीत वाकली. "ऱ्हाऊ द्या बाई. पोऱ्याले कागदंस्नी भलती हौस शे."

शिकाऊ लायसनच्या परीक्षेत तिचं एकही उत्तर चुकलं नाही. मग महिनाभर ती ड्रायव्हिंग स्कूलला गेली आणि पक्क्या लायसनची चाचणीही पहिल्याच फेरीत पास झाली. तिच्या पुढच्या दोन तरुण पोरांना परत पाठवलं होतं. नाना पहिल्या दिवशी तिच्या शेजारी बसले ते डाव्या हाताने दारावरची दांडी घट्ट धरून. दवाखाना येईपर्यंत त्यांनी दांडी सोडली होती, आणि परतताना ते चक्क घोरत होते.

मग आई म्हणाली, "लायसन भेटनं. आते मन्हं खरं नाव बी कोठेतरी लिखेल ऱ्हाऊ दे."

आधारवरची तारीख दुरुस्त करायची तर यमुना आणि सुमन एकच, असं प्रतिज्ञापत्र लागणारच होतं. आईने मला कारमध्ये बसवून कोर्टाजवळ नोटरीकडे नेलं आणि दोन जीपच्या मधे अशी काही गाडी लावली की चहावाला बघत राहिला.

नोटरींनी छापील मजकूर पुढे ओढला. "यांना व्यक्तिशः ओळखणारा माणूस कोण?"

"मी. मुलगा."

"रकाना भरायचाय. यमुनाबाईंना तुम्ही किती वर्षांपासून ओळखता?"

मी हेडक्लार्क. खोटी माहिती कागदावर जाऊ देत नाही.

"साहेब," मी म्हणालो, "तीन महिने होतील."