लोकरीत विणलेली बाई

धुळ्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या अक्कांनी माणसाच्या देहातलं काहीही लोकरीत उतरवायचं बाकी ठेवलं नव्हतं. तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढून त्या निवृत्त झाल्या आणि इतर बायका नातवंडांचे स्वेटर विणतात तितक्याच शांतपणे काळीज, फुप्फुसं विणू लागल्या. रविवारी सकाळी सगळी गल्ली टीव्हीपुढे असे, तेव्हा अक्का ओट्यावर उन्हात सुया चालवत बसत. आतड्याला दोन हिवाळे लागले. धुऊन वाळत घातलं की ते माझ्या दारापर्यंत येई. "अक्का, याचा उपयोग काय?" मी एकदा विचारलं. टाके मोजता मोजता त्या म्हणाल्या, "पोटात आहे त्याचा कधी विचारलास?"

एका वर्षी महिला मंडळाच्या विणकाम प्रदर्शनात त्यांनी गळ्यापासून कमरेपर्यंतची एक बाई मांडली. अंगावर कपडा नाही आणि डावा स्तनही नाही. तिथे सपाट विणीवर जाड दोऱ्याची तिरपी शिवण. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला लाज वाटली. अक्का चहाला गेल्या तशी मी माझी शाल तिच्यावर टाकली.

दोंडाईच्याहून लेकीकडे आलेली एक बाई तिथे थांबली. तिनं शाल उचलली आणि शिवणीवर बोट ठेवून उभी राहिली. तेवढ्यात अक्का परतल्या.

"हाई कोनी विनं?" तिनं विचारलं.

"मी."

"मनं बी असंच शे. घरमा कोनले दखाडं नही."

अक्कांनी तिचा हात धरला. "माझंही. आरशात बघून विणलंय."

भिंतीला भिंत लावून आम्ही अकरा वर्षं राहत होतो, आणि मला हे ठाऊक नव्हतं. संध्याकाळी मी शालीचं कबूल केलं. अक्का म्हणाल्या, "थंडीचे दिवस आहेत. बरं केलंस."

त्यानंतर ती बाई दर महिन्याला एस.टी.नं येऊ लागली. दार लावून दोघी बसत. कधी कधी भिंतीपलीकडून हसणं ऐकू येई. चार वर्षं असं चाललं. मग अक्का जळगावला भावाकडे गेल्या असताना अचानक वारल्या. दोंडाईच्याला कोणी कळवलं नव्हतं. ती नेहमीसारखी आली, तेव्हा मलाच सांगावं लागलं. ती ओट्यावर टेकली.

"आते कोनकडे येवानं?" ती म्हणाली.

"माझ्याकडे या," मी म्हटलं.

ती दोनदा आली. आम्ही चहा घेतला, लेकीबाळींचं बोललो. दार उघडंच होतं. मग ती यायची थांबली.